डेमो गाडी

दोनशे दहा मिलिमीटर,
जमिनीपासून पोटापर्यंत.
हे मी झोपेतही सांगतो.
पाण्यात किती उतरेल, चढ किती चढेल,
कुठल्या चाकाला किती जोर हवा
हे गाडीला आधी कळतं, चालवणाऱ्याला नंतर.
कुडाळच्या शोरूममध्ये, काचेआड, गार फरशीवर
ती कधीच कुठे अडकलेली नाही.

कोल्हापूरचे डॉक्टर शिरगुप्पे, दातांचे,
म्हणाले, माहितीपत्रक पुरे. समुद्र दाखवा.
मी निवतीला नेलं.
का, ते विचारू नका.
घाटातला एखादा कच्चा रस्ताही चालला असता.
सुरूच्या बनात फलक होता, वाहने नेऊ नयेत,
त्यावर कुणाची तरी चड्डी वाळत होती.

दोन सीटांच्या मध्ये एक गोल बटण.
त्यावर चित्रं: बर्फाची चांदणी, चिखल, दगड,
आणि वाळूसाठी निवडुंग.
डॉक्टरांनी निवडुंगावर फिरवलं.

वरची वाळू कोरडी, भाजलेल्या रव्यासारखी.
पाण्यालगतची ओली, घट्ट, तिने पेललं असतं.
मधली जी भरतीने अर्धी सोडलेली असते
ती आमच्याकडची पोरं टाचेने ओळखतात.
तिचं चित्र नाही.

सर, जरा हळुवार, मी म्हणालो.
माझा आवाज शोरूममधलाच निघाला.
त्यांनी पाय दाबला.
पडद्यावर हिरव्या खुणा उमटल्या,
चारही चाकं फिरत आहेत.
फिरत होतीच.
दोनशे दहा. दीडशे. चाळीस.
मग पोट टेकलं, म्हैस बसते तसं, एक सुस्कारा टाकून.

तिकडे रापण नुकतीच वर आली होती.
तातू खवणेकर लुंगी खोचत आला,
गाडीकडे नाही, आधी पाण्याकडे बघितलं.
तासाभरात भरती.
मग माझ्याकडे.
"तू आबाचो झील मां? रश्शी सोडून गेललो तो?"
मी टाय सोडला. उत्तर तेवढंच.

"टायरातलो वारो काढ अर्दो.
आणि चाक फिरवू नको रे बाबा.
रेवेक जोर दाखवूचो नसता."

पंचेचाळीस लाखांची हवा
फुस्स करत गेली, चारी बाजूंनी.
बायकांनी चाकांखाली झावळ्या कोंबल्या.
मासे तिथेच टाकून तीस माणसं आली,
कावळ्यांना तेवढंच हवं होतं.
जाळ्याचाच दोर आकड्याला बांधला.
डॉक्टर स्टिअरिंगवर, बटण अजून निवडुंगावर.
त्यांनी विचारलं, मी काय करू?
तातू म्हणाला, "कायच नको."

दोर ओढताना हातांनी ओढत नाहीत,
कमरेने मागे पडतात.
मला वाटलं विसरलो असेन.
बूट भरले वाळूने, तळवा सोलला
जिथे एकोणिसाव्या वर्षी सोलला होता तिथेच,
आणि ती हलली,
आधी बोटभर, मग हातभर,
एवढी महाग वस्तू इतकी निमूट
येताना मी कधी पाहिली नव्हती.

डॉक्टरांनी पाकीट काढलं.
तातूने नोटा मोजल्या नाहीत, घेतल्याही नाहीत,
"डिझेलाक घाल," म्हणाला,
आणि परत माशांकडे गेला.
वाटे पडले. नेहमीचे तीस,
त्याशेजारी एक लहान.
बांगडे चार, पेडव्यांची एक मूठ.
"दोर धरलंस ना? मग उचल."

डॉक्टर रस्ताभर गप्प.
मोपा फाट्यावर म्हणाले,
काळ्या रंगात किती दिवसांत मिळेल?
मी तारीख सांगितली. पाण्याची खोलीही सांगितली, सवयीने.

मॅनेजर नाक धरून अजून विचारतो
मागच्या सीटखाली काय सांडलं होतं.
तीनदा धुतली, सेंट मारलं.
नवीन गिऱ्हाईक दार उघडतं,
थबकतं, खोल श्वास घेतं,
आणि मी म्हणतो, बसा ना सर,
दोनशे दहा मिलिमीटर.