नोंदणीची खिडकी, नाउरू

आमचा देश मोटारसायकलवर अर्ध्या तासात फिरून होतो,
तोही वाटेत दोघांनी थांबवून विचारपूस केली तर.

मी जन्मनोंदणीच्या खिडकीत बसते.
काचेपलीकडे समुद्र, काचेवर मीठ,
टेबलावर एक पांढुरका दगड, कागद उडू नयेत म्हणून.

असाच एक दगड म्हणे सव्वाशे वर्षांपूर्वी
दूरच्या शहरातल्या कचेरीत दाराला अटकण लावला होता.
कुणीतरी उचलला, फोडला, तपासला,
आणि दार उघडं राहिलं ते राहिलंच.

आमची जमीन बोटीत चढली.
ज्यांनी आम्हाला कधी पाहिलं नाही
त्यांच्या कुरणांत हिरवी झाली,
त्यांच्या मेंढ्यांच्या अंगावर लोकर झाली.
आम्हाला उरले वरच्या पठारावरचे सुळके,
हिरडीशिवायचे दात.

पण मला माणसांचं सांगायचं होतं.

एका साथीने इतके नेले
की आकडाच ठरला : पंधराशे.
त्याखाली आपण लोक नाही, नुसती आठवण.
बारा वर्षांनी एक मुलगी रडली
आणि अख्खं बेट हसलं.

मग युद्ध.
बाराशेंना बोटींत कोंबून ट्रुकला नेलं.
परत आले सातशे सदतीस.
त्यात आईचे आजोबा, देनेया.
उतरल्यावर ते कुणाच्या गळ्यात पडले नाहीत,
सरळ किनाऱ्यावर जाऊन
फ्रिगेट पक्ष्यांची मोडकी मचाण बांधायला लागले.
आधी पक्षी येतील, मग माणसं, असं म्हणाले.
किंवा काहीच म्हणाले नाहीत.
आई दर वेळी वेगळं सांगायची.

नंतर पैसा आला, तो कुणी मोजला नाही. मग गेला.
आमच्या घरामागे एक परदेशी गाडी गंजतेय,
तिच्या मागच्या सीटवर कोंबडी खुडूक बसलीये.

आज सकाळी रोनाल्दो आला, नवी लेक घेऊन.
नाव : एइविता. कूळ आईचं, आमच्यात तसंच असतं.
बारा कुळं होती, दोन संपली.
झेंड्यावरच्या ताऱ्याला टोकं मात्र बाराच,
आणि माझ्या जुन्या छापील अर्जावर रकानेही बारा.
त्या दोन रिकाम्या चौकटींवरून
माझं बोट जरा हळू जातं.

"कितवी?" त्याने विचारलं.
आता आम्ही हजारांत आहोत,
मोजायची तशी गरज नाही.
तरी मी दगड बाजूला सारला,
वही उघडली,
आणि आकडा खिडकीतून
रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असा
ओरडून सांगितला.