पंखा बंद

नऊ दशांश मिलिमीटर.
एवढीच जाडी नळीच्या भिंतीची.
खाजाभाई म्हणाले, "बेटी, हे ट्रॉलीचं काम नव्हे.
इथं घाई केलीस की भोक."

भोकच पडलं.
पहिल्या आठवड्यात एकोणतीस,
शटरवर खडूनं मोजून ठेवलीत.

आधी ॲसिटिलीन: पिवळी, आळशी ज्योत.
काजळीचे धागे उडतात, वाळत घातलेल्या परकरांवर बसतात,
पलीकडून बालमणीअक्का तेलुगूत माझा उद्धार करते.
मग ऑक्सिजन. चिमूटभर. अजून चिमूटभर.
पिसारा आत ओढला जातो
आणि टोकाशी उरतो निळा दाणा,
हुरड्यातल्या दाण्याएवढा.
"बस. एवढाच."

दाणा टेकवायचा नाही, जवळ धरायचा.
लोखंड लाल होतं, नारिंगी होतं,
मग ओलं.
दोन्ही नळ्यांना एकदमच पाझर फुटला पाहिजे,
एक रुसली की दुसरी जळते.
"पहले पानी होने दे. फिर तार."
हे वाक्य मी झोपेतही बडबडते म्हणे.

जुन्या कारखान्यात, जिथे आमचे सहा माग होते,
तिथे आता एक पिंजरा उभा आहे,
शेपटीकडे निमुळता.
अक्कलकोट रोडवरचे लोक विचारतात, उडणार कधी?
मी म्हणते, आधी जुळू दे.

नान्ना कोपऱ्यात खाटेवर.
चाळीस वर्षं तुटलेला ताणा दोन बोटांत सांधला,
गाठ अशी, की चादर उलटली तरी सापडू नये.
माझा सांधा बघून म्हणाले, "दिसतो."
दिसायलाच हवा, मी म्हटलं,
माशाच्या खवल्यांसारखा, एकावर एक.
त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मे महिना. पत्र्याखाली त्रेचाळीस.
शेपटीच्या टोकाशी चार नळ्या एकत्र येतात,
तिथे मी गॉगलमधून घाम गाळत
तास-दीड तास वाकलेली.
शेवटचा थेंब बसला. टॉर्च उचलला.
आता वारा लागता कामा नये,
गार झोत बसला की सांधा ठिसूळ होतो,
हे खाजाभाई रोज सांगायचे
आणि आज ते उर्साला गेलेले.

माझे दोन्ही हात गुंतलेले.
मी काही बोलले नव्हते.

खाट करकरली.
नान्ना उठले, भिंत धरून चालत गेले,
पंखा बंद केला.

परत येऊन बसले. बनियन पाठीला चिकटलेलं.
"किती वेळ?"
हात लावता येईल तोवर.

त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.
नळीकडे पाहत राहिले,
नारिंगी उतरेपर्यंत,
लाल उतरेपर्यंत,
आणि मग निळसर झाक येईपर्यंत,
जी मी त्यांना आधी सांगितली नव्हती.