तसा

कोलशेतला, बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यात
आमच्या मालिकेचं घर उभं आहे.
भिंती प्लायच्या, तुळस प्लास्टिकची.
सासूचं कपाळ तेवढं खरं,
त्यावरचं कुंकू रोज मी लावते.

नायिका सावळी आहे. म्हणजे गोष्टीत.
पोरगी मूळची गोरीपान, कोथरूडची.
सकाळी सहाला तिला दोन शेड खाली उतरवते,
रात्री खोबरेल चोळून वर काढते.
टॉवेलवर उरतो तो सावळेपणा
धोब्याकडे जातो.

मार्चात टीआरपी पडला
आणि वरून निरोप आला: घरात परदेशी जावई आणा,
दोन भागांपुरता, हलकाफुलका.
प्रॉडक्शनचा निनाद जवळ येऊन हळूच म्हणाला,
"मावशी, तुमचा जावई तसा आहे ना?"

तसा.
लग्नाआधी माझ्या बहिणीने हाच शब्द वापरला होता.
कोपरखैरण्याच्या शेजारणी अजून वापरतात.
आणि खोटं कशाला बोलू,
रजिस्ट्रारच्या ऑफिसबाहेर मीही त्याला कुंकू टेकवलं
ते करंगळीच्या टोकाने.

इकेन्ना आला, अर्धी रजा टाकून.
तुर्भ्याला एक्स-रेची मशीनं दुरुस्त करतो तो.
आरशासमोर बसला, म्हणाला,
"आई, मान वर करू?"

सहा वर्षं झाली लग्नाला.
त्याचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा हातात धरला.
डाव्या भुवईत बारीक खाच
(एनुगूला, सायकलवरून, नऊ वर्षांचा असताना),
कानामागे वाळलेला साबण.
पेटीतल्या बावीस शेडपैकी
एकही त्याची नव्हती.

"अजून जरा काळा करा," दिग्दर्शक मागून ओरडला,
"कॅमेऱ्यात उठत नाहीये."

मी स्पंज पाण्यात बुडवला.
नुसत्या पाण्यात.
गाल, हनुवटी, नाकाच्या कडा,
तान्ह्याला पुसावं तसं सावकाश.
वरून रिकामा पफ दोनदा फिरवला.
"आता बघा! परफेक्ट!"
आरशात आम्ही दोघंही हसलो नाही.

सीन असा: जावई ठेचा खातो,
"पाणी, पाणी" करत अंगणभर नाचतो,
घर हसून हसून लोळतं.
आता हा माणूस आमच्याकडे
ठेच्यावर कच्ची मिरची मागून घेतो.
पहिल्या टेकला त्याने वाटी चाटूनपुसून संपवली
आणि विचारलं, "अजून एक भाकरी मिळेल का?"
"एवढं मराठी नको," माइकवरून आवाज आला. "तुटकं बोल."
तुटकं कसं बोलायचं
ते त्याला नायिकेने शिकवलं.
नवव्या टेकला त्याच्या डोळ्यांत ग्लिसरीन घातलं.
मीच.

गुरुवारी साडेआठला सगळे टीव्हीसमोर.
शेजारच्या गावंडबाई कुकर बंद करून आल्या.
सगळे हसले, सर्वांत मोठ्याने इकेन्ना.
मग पाणी प्यायला म्हणून उठला,
आणि स्वयंपाकघरातला दिवा
बराच वेळ लागला नाही.
हर्षला पदराशी चाळा करत बसली, उठली नाही.

"आजी, बाबा तिखटाने कधीपासून रडतात?"
नातीने विचारलं.
मी म्हटलं, ते पाणी मी घातलंय.
तिला ते पटलं नाही.

टीआरपी वाढला म्हणे.
काल निनादचा फोन: मावशी, अजून चार भाग,
गोष्टीत बारसं आहे, जावयाच्या हातात ढोल देऊ,
आणि नातीलाही आणा,
कसले भारी केस आहेत तिचे.
विचारते, म्हटलं.

इफेओमा पुढ्यात बसली आहे, फणी माझ्या हातात.
हे केस मुळापासून विंचरायचे नसतात,
टोकापासून सुरू करायचं, आधी ओले करून, बोटांनी.
आता येतं मला. सुरुवातीला रडवायचे तिला.
पाण्याचा वाडगा शेजारी आहे,
अर्धी वेणी झाली आहे.
फोन पुन्हा वाजतोय.
कुणाला काही विचारलेलं नाही.