नियम तिसरा

केमीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी अठराव्या वर्षी लागले,
तेव्हा सुपरवायझरबाईंनी एकच गोष्ट शिकवली:
तार जोडून दिली की कान काढून घ्यायचा.
मी घ्यायचे. बहुतेक वेळा.
पाद्र्याची बायको डॉक्टरांशी काय बोलायची
हे मला आजही ठाऊक आहे,
आणि ती दोघं केव्हाच दफनभूमीत गेली.

आता सदुसष्टाव्या वर्षी काम उलटं.
रात्री दहा ते दोन वाचत बसायचं,
प्रत्येक ओळ, प्रत्येकाची,
आणि कुणालाच ओळखायचं नाही.
न पिणाऱ्यांची खोली. आजच्यापुरतं न पिणाऱ्यांची.
इथे कुणी सुतळी आहे, कुणी वेलदोडा,
कुणी नुसताच ७७.
मी राखणदार. अकरा वर्षं मीही कोरडी,
पण ते इथे कुणाला माहीत नाही.
माझ्याकडे एक लाल बटण आहे आणि नियम.
तिसरा असा:
माणूस सापडेल असं काही दिसलं
की पुसायचं.

पाणमांजर जानेवारीत आलं. मोजकं लिहायचं.
एकदा लिहिलं, पुलावर वारा असा सुटतो
की बस हातातून निसटू बघते,
आणि मागची पोरं टाळ्या वाजवतात.
मी पुसलं. पूल, बस, पोरं.
पण पुसण्याआधी वाचावं लागतंच ना.
सकाळी त्या पुलावरून पोरांना घेऊन
एकच बस जाते.

आऊलिस. डाव्या भुवईत वण,
पास न बघताच मान हलवणारा.

चाळिसाव्या रात्री पाणमांजर म्हणालं,
आज बाटली कपाटातून काढली. उघडली नाही.
टेबलावर ठेवून बघत बसलोय.
सुतळीनं विचारलं, सोबत बसू?
बसले दोघं. बोलले कुत्र्यांबद्दल,
कुणाच्या तरी चोरीला गेलेल्या सायकलीबद्दल.
दोन वाजले, माझी पाळी संपली.
बाटलीचं पुढे काय झालं ते कळलं नाही.

सकाळी उणे एकोणीस. सहा दहाची बस.
पोरं होतीच मागे, दप्तरं मांडीवर घेऊन.
मी पायरी चढले, पाकीट शोधल्यासारखं केलं
आणि त्याच्या तोंडाजवळ वाकले.
कॉफी. ओली लोकर. दुसरं काही नाही.
इतकं हायसं वाटलं की मी हसले.
तो हसला नाही.

रात्री अकरा वीसला पाणमांजर:
आज चार नंबरमध्ये एका म्हातारीनं माझा वास घेतला.
एकेचाळीस दिवस झाले.
अजून हुंगतायत.

बराच वेळ खाली कुणी काही लिहिलं नाही.
मग ७७: हुंगू दे.
मग वेलदोडा: तिचंही काहीतरी असेल रे.
ते मला आवडलं,
आणि आवडलं याची लाज वाटली.

मी लिहिलं, "मी". पुसलं.
लिहिलं, "पोरं होती म्हणून". पुसलं.
कॉफी गार झाली, वर साय धरली.
शेवटी नियमाप्रमाणे
चार नंबर काढला.
म्हातारी तशीच ठेवली.

सकाळी पुन्हा थांब्यावर.
दार उघडलं. तो समोर रस्त्याकडे बघत होता.
मी श्वास धरला, कार्ड टेकवलं,
श्वास धरूनच मागच्या सीटपर्यंत गेले.
एका पोरानं दप्तर उचलून जागा दिली.