साडेसात फूट

परतवाड्यात मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो मी.
मशीन माझं नाही, साळ्याचं.
त्यानं नागपूरहून आणलं, दोनदा फिरवलं, कंटाळला.
आता मीच नेतो भाड्यानं:
रात्रीचे पंधराशे, सेल वेगळे.

लहान तबकडीला वीतभर खालचंच ऐकू येतं.
खोलवरचं ऐकायला पाइपाची चौकट लागते, खाटेएवढी,
दोघांनी उचलून चालायचं,
करदोट्याला किल्ली नको, चपलेत खिळा नको.
पुढे फुलाजी वानखडे, मागे बुडा बेठेकर,
अनवाणी, तुरीच्या खुंटांतून,
आणि कानाला हेडफोन लावून बाजूनं मी,
मयतीला आलेल्या बिनसुतकी माणसासारखा.

फुलाजीचा आजा सांगायचा:
गाविलगडावर तोफा वाजल्या त्या साली,
नाहीतर मागून पेंढारी आले त्या साली
(साल दर खेपेला बदलायचं, हंडा नाही)
पाटलानं बाभळीपासून उगवतीला चाळीस पावलं मोजली,
हंडा पुरला, आणि गाव उठलं.
बाभूळ पणजाच्याच काळात चुलीत गेली.
पावलांचं म्हणाल तर
पाटील एका पायानं लंगडा होता.

धुऱ्याजवळ वखराची पास निघाली.
मग बैलाच्या पत्रीचे खिळे,
मग शिशाची एक गोळी, बोराएवढी, एका अंगानं चेपलेली.
फुलाजीनं ती बोटांत फिरवली, टाकून दिली.
बुडानं उचलली. जाळ्याला वजन होईन, म्हणाला.

दीडच्या सुमाराला आवाज आला.
लोखंड भुंकतं. हे भुंकलं नाही.
भिंतीपलीकडे कोणी कूस बदलावी
तसं लांब, जडसं काहीतरी कण्हलं.
तांबं नाहीतर पितळ, मी म्हणालो, आणि खोल आहे.
सोनं म्हणालो नाही.
फुलाजीनं ऐकलं ते सोनंच.

चार फूट काळी, घट्ट, टिकाशीला चिकटणारी.
खाली सापनचा गाळ, थरावर थर,
एकेका पुराचा.
मोबाइलची बत्ती हातानं झाकून आम्ही आळीपाळीनं उतरलो,
रस्त्यावरून फटफटी गेली की खड्ड्यातच बसायचं.
पाच फूट. सहा.
साडेसातवर सब्बल वाजली,
आणि तिघांनीही श्वास सोडला नाही.

हंडा होता. म्हाताऱ्याचं खरं निघालं.
तांब्याचा, हिरवा पडलेला, तोंड राळेनं लिंपलेलं.
फुलाजीनं कोपरापर्यंत हात घातला
आणि तो हात कितीतरी वेळ आतच ठेवला.

घाट्या होत्या.
बैलांच्या गळ्यातल्या, पितळेच्या,
गोणपाटावर मांडून मोजल्या: बत्तीस,
आणि एक चिंचोक्यापेक्षा जरा मोठी, वासराची असावी.
प्रत्येकीच्या तोंडात कापूस कोंबलेला,
लोळी हलू नये असा दाबून.
तांब्याच्या जंगानं तोही हिरवा झाला होता,
म्हणून टिकला असेल.

बुडानं जन्मभर गावची ढोरं चारली. त्याला आधी समजलं.
"रातीच निघालं असन गाव," तो म्हणाला.
"वाजल्या असत्या तं..."
पुढचं तो बोलला नाही.
बत्तीस बैल म्हणजे सोळा बंड्या.
आखांना तेल घातलं असेल.
लेकरांच्या तोंडाचं काय केलं असेल,
ते मी मनातही पुरतं विचारलं नाही.

फुलाजी ढिगाऱ्यावर बसला होता.
"पितळ काय भाव चाललं सध्या?" त्यानं विचारलं,
आणि उत्तराच्या आधीच खाली बघायला लागला.

मी चौकट आवरायला गेलो.
हेडफोनची पिन निसटली असावी.
चौकट गोणपाटावरून गेली मात्र,
मशीन मोठ्यानं ओरडलं,
तेहतीस वेळा नव्हे, एकदाच, थांबेचना,
शिवारभर, गावकुसापर्यंत.

बुडानं दोन्ही हात त्या घाट्यांवर ठेवले.
"बंद करा ना भाऊ," तो कुजबुजला, "ऐकू जाईन."

तहसीलात, असं फुलाजीला वाटलं.
बुडा गडाच्या बाजूला बघत होता.

मी बटण दाबलं.