वीस ते बावीस

स्रेच्कोला वाटतं, हे वाऱ्यानं केलंय.
समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या
की मधून जातो तो वारा. आमच्या रियेकात
मानेचं, कानाचं, बायकोच्या अबोल्याचंही
खापर त्याच्यावरच फुटतं.
म्हणून ऑगस्टातही गळ्याला लोकरीचा मफलर.
मी म्हटलं, काढा.
त्यानं आधी माझी खिडकी लावली.

एक्स-रेमध्ये पाचवा आणि सहावा मणका सरकून जवळ आलेत,
बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे.
घाबरू नका, एकोणसाठाव्या वर्षी
माझ्याही फोटोत हेच दिसेल.
"मग माझीच का दुखते?"
उत्तर नाही माझ्याकडे. दोन हात आहेत.

कवटीच्या कडेखाली अंगठे ठेवते.
तिथं जहाजाचा दोरखंड पीळ घालून ठेवलाय.
थांबते. दोर मऊ होत नाही,
फक्त पलीकडून कुणीतरी ओढायचं थांबतं.

मग मानेखाली हवेची छोटी उशी, नळी,
आणि त्याच्या हातात तबकडी. काटा विसावर.
बावीसवर न्या, म्हणते.
हनुवटीनं हो म्हणा,
पण शेजारच्याला कळू नये इतकंच हो.

काटा अडतीसवर.
गळ्याचे दोन्ही पट्टे दोरीसारखे ताठ.
"ताकद नको."
"मग काय हवं?"

सदतीस वर्षं त्यानं जहाजं सांधली.
एका हातात वेल्डिंगची पिस्तूल, दुसरा पत्र्यावर,
डोळ्यांवर मुखवटा पाडायला उरते ती मानच.
एक हिसडा, खट्.
करून दाखवतो. कळ माझ्या मानेत जाते.
दिवसाला तीनशे धरले तरी...
हिशेब सोडून देते.
मान मोडून काम केलं, असं लोक कौतुकानं म्हणतात.
मला ते ऐकवत नाही.

"गोदी बंद पडली तेव्हाही," तो छताला सांगतो,
"साहेबानं विचारलं, एवढ्या पैशांत कबूल ना?
आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या.
सवयच होती."

काटा चौतीस.

आतले स्नायू लहान असतात,
घशामागे मणक्यांना चिकटून बसलेले.
दुखायला लागलं की ते गप्प होतात
आणि बाहेरचे दांडगे सगळं काम ओढतात,
कुठल्याही कारखान्यात होतं तसं.
दहा सेकंद धरायचं, दहा वेळा, रोज.
"केलंत?"
"केलं."
नाही केलेलं. अंगठ्याला कळतं.

चौथ्या आठवड्यात भिंतीला पाठ,
हनुवटी मागे, एकाच्या दोन झाल्या. हसला.
पाचव्यात डोंगरावरून बुरा सुटला,
धक्क्यावरच्या कॅफेच्या खुर्च्या पाण्यात गेल्या.
तो आलाच नाही.
सहाव्यात आला. मफलर खिशात.

काटा बावीस. थरथरला. बावीस.
श्वास घ्यायचं मी विसरले. तो नाही.

दुखणं गेलेलं नाही. सातावरून चारावर आलंय,
दमट दिवशी पाच.
उठून बसा, म्हटलं, आता खांद्यावरून बघा.
पहिल्या दिवशी तीस अंश होते,
आज अठ्ठावन्न. लिहून घेत विचारलं,
पुढच्या मंगळवारी नऊलाच?

त्यानं डावा खांदा पाहिला,
मग उजवा,
सावकाश, पुरता, मधे कुठं न अडता.
पुन्हा एकदा डावा. पुन्हा उजवा.

"नऊला नको," म्हणाला. "दहाला."