‘चिकाटी’ हा शब्द दोनदा

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मी दोन पत्रं लिहिली,
एक ऐली निएमेलासाठी, एक वेस्ली कडॉटसाठी.
प्रयोगशाळेतला हीटर खडखडत होता,
खिडकीबाहेर लेक सुपीरियर, शिशासारखं जड.
एकतीस वर्षं शिकवल्यावर विशेषणं
फळ्याखालच्या खडूंसारखी होतात,
चिमटीत मावतील एवढीच उरलेली.
‘चिकाटी’ मी दोघांनाही वाटली.

ऐलीबद्दल लिहिलं:
पहाटे बापाच्या नावेवर जाळी ओढून
ही मुलगी पहिल्या तासाला हजर असते,
बोटांना माशांचा वास, आणि उत्तर बरोबर.
वेस्लीबद्दल:
हा मुलगा चुकलेलं गणित खोडत नाही.
एक आडवी रेघ मारतो,
कुठं चुकलं ते खालून वाचता यावं म्हणून.

आमच्या गावाहून हॉटन पाऊण तास, मार्क्वेट सव्वा तास
आणि ॲन आर्बर आठ तास, मोठ्या पुलापलीकडे.
तिन्ही विद्यापीठं याच राज्याची, सख्खी भावंडं,
पण दिवाणखान्यात फोटो एकाचाच लावतात.
ऐलीचा बाप म्हणायचा, हॉटनला काय कमी आहे?
बर्फसुद्धा जास्त पडतो.

जानेवारीच्या शेवटी निकाल लागला.
ऐली आत.
वेस्ली प्रतीक्षायादीत.
तो तास संपल्यावर थांबला, दप्तराचा पट्टा पिळत म्हणाला,
बाई, सरळ ‘नाही’ म्हणाले असते
तर रडलो असतो, आणि मग जेवलो असतो.

त्या रात्री मी दोन्ही पत्रं उघडली.
ऐलीचं चार ओळींनी मोठं होतं.
चार ओळी.
तिचं आधी लिहिलं होतं
आणि दुसऱ्याच्या वेळेला मला भूक लागली होती.
याहून मोठं कारण मी पहाटेपर्यंत शोधलं.
नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला,
चाळीस हजार अर्जांत तुझ्या चार ओळी कोण मोजतं?
म्हणजे त्याला म्हणायचं होतं, झोप.
मला ऐकू आलं की
तिथं कुणीच काही मोजत नाही.

एप्रिलमध्ये आर्थिक मदतीचं पत्र आलं.
ऐलीनं ते माझ्याच टेबलावर पसरलं:
इतकं कर्ज, इतकी शिष्यवृत्ती,
आणि एक आकडा, ज्याच्यासमोर बापानं
पेन्सिलीनं फक्त ‘नाव?’ एवढंच लिहिलेलं.
नाव म्हणजे बोट. विकायची का, असा प्रश्न.
तिनं हॉटनला पैसे भरले, तीस एप्रिलला,
मुदतीच्या आदल्या दिवशी.
हॉटनची टोपी घालून आठवडाभर फिरली,
डोळ्यांवर जरा जास्तच खाली ओढून.

मी मूर्ख. मला वाटलं,
आता तिची जागा वेस्लीला मिळेल,
जणू वर्गातला बाक आहे, सरकून बसायचं.
जूनमध्ये त्याला दोन ओळींचा मेल आला.
यादी बंद झाली होती. शुभेच्छा होत्या.
तो मार्क्वेटला गेला. म्हणजे जाणार होता,
अजून जुलै होता,
आणि निएमेलांच्या धक्क्यावर दोघं मिळून
धुरावलेले मासे विकत होते.

ऐली वजन करत होती, तो बिल लिहीत होता.
मी दोन पौंड घेतले.
सुट्टे मोजता मोजता त्यानं विचारलं,
बाई, माझ्या पत्रात काय लिहिलं होतंत?
मी म्हटलं, चिकाटी.
आणि हिच्या?
ऐलीनं तागडीवरून मान वर केली नाही,
पण हात थांबला.
चिकाटी, मी म्हटलं.
दोघं इतकी हसली
की शेजारचा म्हातारा गळ टाकायचा विसरला.

हसताना त्याचं बिल चुकलं.
सात डॉलर जास्त.
त्यानं आकड्यावर आडवी रेघ मारली,
शेजारी नवा लिहिला, कागद माझ्या हातात दिला.
मासा जरा खारटच निघाला.
नवऱ्यानं कुरकुर केली. मी नाही.
खोडलेला आकडा अजून वाचता येतो.